विचारलं असतंस तर

गेल्या वर्षी मे महिन्यातली गोष्ट आहे. सोमवारची संध्याकाळ होती आणि मी ऑफिसमधून थेट इथल्या हायस्कूलच्या ऑडिटोरियमला गेले होते, कारण त्या दिवशी आमच्या टाऊनची वार्षिक टाऊन मीटिंग होती. टाऊन मीटिंग म्हणजे थोडक्यात आपली ग्रामसभा. मॅसॅच्युसेट्समधल्या छोट्या गावांत अजून ही पद्धत आहे, गावातला कुणीही मतदार यायचं, बसायचं, बोलायचं आणि हात वर करून गावचं बजेट पास करायचं किंवा पाडायचं. त्या दिवशीच्या विषयांत शाळेची संध्याकाळची उशिराची बस बंद करायची की नाही हाही एक विषय होता, आणि माझी मुलगी आठवड्यातून तीन दिवस त्याच बसने घरी यायची, म्हणून मी गेले. दारात टेबलावर एक आजी बसल्या होत्या, समोर मतदारांची यादी. त्यांनी माझं आडनाव विचारलं, पानं उलटली, पुन्हा उलटली, बोटाने वरपासून खालपर्यंत ओळी बघितल्या आणि मग अगदी मायेने म्हणाल्या, तुम्ही रजिस्टर्ड व्होटर आहात का? मी म्हटलं नाही, नागरिकत्व दूरच, माझं ग्रीन कार्डसुद्धा अजून झालेलं नाही. त्यांनी हसून डावीकडे बोट दाखवलं. तिथे चार रांगा दोरी लावून वेगळ्या ठेवल्या होत्या आणि कागदावर लिहिलं होतं, नॉन-व्होटर्स. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्या एक पोपटी कार्ड ठेवत होत्या, मत द्यायला वर करायचं ते कार्ड. मला अर्थातच मिळालं नाही.

मी जाऊन बसले. माझ्या शेजारी लोकल पेपरचा एक बातमीदार होता, पुढच्या रांगेत हायस्कूलची दोन मुलं, बहुतेक शाळेच्या असाइनमेंटसाठी आलेली. बसचा विषय आला. जे लोक बोलले त्यातल्या बऱ्याच जणांची मुलं केव्हाच मोठी होऊन गावाबाहेर गेलेली आहेत, हे मला माहीत होतं कारण मी त्यांना ओळखते, बर्फात एकमेकांच्या गाड्या ढकलल्यात आम्ही. मग मॉडरेटरने, म्हणजे सभा चालवणाऱ्याने, मत मागितलं, एकदम शेकडो पोपटी कार्डं वर गेली, वाऱ्यात पानं सळसळावीत तसा आवाज झाला आणि बस गेली. मला काही बोलता आलं नाही. घरी येऊन जेवले, मुलीला सांगितलं की आता काहीतरी दुसरी सोय बघू, आणि झोपायला गेले तर झोपच येईना.

चूक कुणाचीच नव्हती. कायदा तसा आहे, मी नागरिक नाही, आणि त्या आजी तर इतक्या चांगल्या वागल्या. या देशात मला बारा वर्षं झाली, टॅक्स पहिल्या महिन्यापासून भरतेय, घर घेतल्यापासून टाऊनचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल दर तीन महिन्यांनी येतं आणि फ्रिजवर लागतं, आणि भारतातल्या लोकांची ग्रीन कार्डची रांग केवढी आहे ते वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मी सांगायला नको. पण मला जे टोचत होतं ते बिल नव्हतं. बसचे पैसे घेतो म्हणाले असते तर मी दिले असते.

मला कुणी विचारलं नाही, एवढंच होतं ते.

बॉस्टनपासून आम्ही अर्ध्या-पाऊण तासावर राहतो, त्यामुळे भारतातून कुणीही आलं की ठरलेली फेरी असते. जुन्या जागा जोडणारी रस्त्यातली ती लाल विटांची रेघ, फ्रीडम ट्रेल, धरून चालायचं, जुनं स्टेट हाऊस बघायचं आणि मग बंदरावर जिथे निषेध म्हणून चहाच्या पेट्या पाण्यात फेकल्या तिथे जायचं. आणि सगळ्यांना आम्ही एकच गोष्ट सांगतो, इंग्रजांनी चहावर टॅक्स लावला, चहा महागला, लोकं चिडली, आणि अमेरिका स्वतंत्र झाली. शाळेत मलाही असंच कळलं होतं. पण खरं ते नाही. 1773 च्या मे मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने जो चहाचा कायदा केला त्याने चहा उलट स्वस्त झाला. ईस्ट इंडिया कंपनी, हो आपलीच ती कंपनी, बुडायला आली होती, लंडनच्या गोदामात तिचा जवळजवळ 1 कोटी 70 लाख पौंड चहा पडून होता, आणि तिला वाचवायला म्हणून पार्लमेंटने तिला तो चहा थेट अमेरिकेत नेऊन विकायची मुभा दिली. पौंडामागे तीन पेनीचा जुना टॅक्स तेवढा ठेवला. म्हणजे स्मगलिंगच्या चहापेक्षाही हा चहा स्वस्त पडला असता. आता यात स्मगलिंग करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पोटावर पाय येत होता हेही खरं आहे आणि पुढारीपण करणाऱ्यांत त्यांच्यापैकी काही होतेच. पण फक्त तेच असते तर बंदरावर हजारो लोक कशाला जमले असते? स्वस्त चहा कुणाला नको असतो?

16 डिसेंबर 1773 ची ती रात्र मी कितीतरी वेळा पाहुण्यांना सांगितलीय, पण त्यातले जे तपशील मला आवडतात ते कुणी फारसे सांगत नाही. तीन जहाजं, डार्टमथ, एलिनॉर आणि बीव्हर. 342 पेट्या, 92,000 पौंडांच्या वर चहा, सगळा चीनचा, आसामात तेव्हा मळे नव्हतेच. लोकांनी जहाजावर जाऊन किल्ल्या आणि दिवे मागून घेतले. एक कुलूप फोडलं गेलं ते एका कॅप्टनचं स्वतःचं होतं, तर ते भरून दिलं. काम झाल्यावर डेक झाडून काढले. कुणीतरी कोटाच्या अस्तरात चहा भरताना सापडला तर त्याला सगळ्यांनी मिळून चोपला. आणि तेव्हा नेमकी ओहोटी होती, त्यामुळे चहा वाहून जाईना, जहाजाच्या कडेला गवताच्या गंजीसारखा साठत गेला आणि पोरं खाली उतरून तो पायाने आणि हाताने चिखलात ढकलत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी होड्या घेऊन लोक गेले आणि तरंगणारा चहा वल्ह्यांनी झोडून बुडवला, कुणी उचलून नेऊ नये म्हणून. त्या सकाळी डॉर्चेस्टरच्या किनाऱ्यावरून गोळा केलेली थोडी पानं एका काचेच्या बाटलीत इथल्या हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहेत. काळपट, सुरकुतलेली, आपण डबा रिकामा केल्यावर तळाशी राहते ना तशी. अडीचशे वर्षांपूर्वीची चहा पावडर, जी कुणी प्यायली नाही.

लूट करायला आलेली माणसं डेक झाडत नाहीत. मला हे वाचलं तेव्हा आमच्या गावचा फणस आठवला.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून आत, डोंगराच्या कुशीत. घर आजोबांनंतर मोठ्या काकांच्या नावावर झालं, त्यांना आम्ही भाऊकाका म्हणायचो, ते मुंबईला चांगल्या नोकरीत होते. गावात राहायचे ते धाकटे आप्पाकाका, कलमं बघायची, नारळ उतरवायचे, आजीचं सगळं तेच बघायचे. भाऊकाका वाईट होते असं कुणी म्हणू नये. दर महिन्याला मनीऑर्डर यायची, कौलं बदलायला पैसे त्यांचे, विहिरीवर पंप बसला तो त्यांचा. मी नऊ-दहा वर्षांची असेन, मे महिन्याच्या सुट्टीत गावाला होते. भाऊकाकांनी मुंबईहून गवंड्याला परस्पर पत्र लिहून सांगितलं की घराला लागून संडास-न्हाणीघर बांधायचंय, आईला रात्री-अपरात्री अंगण ओलांडून जायला लागू नये. किती चांगली गोष्ट! पण ते जिथे बांधायचं तिथे पणजोबांनी लावलेला कापा फणस होता. आप्पाकाका सकाळी कलमांकडे गेले होते. ते परत आले तेव्हा फणस आडवा झाला होता. मला अजून तो वास आठवतो, कापलेल्या फणसाच्या लाकडाचा आणि चिकाचा, आणि तो पिवळाधमक भुसा सगळ्या अंगणात, आणि तयार होत आलेले फणस फांद्यांसकट पडलेले, त्यातला एक फुटून त्यावर माश्या बसलेल्या. आप्पाकाका कुणावर ओरडले नाहीत. ओटीवर बसले, हाताला चीक लागला होता तो खोबरेल तेल लावून बराच वेळ काढत बसले. आठ दिवसांनी भाऊकाका आले तेव्हा ते एकच वाक्य बोलले, आणि ते वाक्य आमच्या घरात आजही बोललं जातं.

"दादा, विचारलं असतंस तर कुऱ्हाड मीच आणून दिली असती."

त्यावर भाऊकाका हसून सोडून देते तर काही झालं नसतं. पण ते म्हणाले, घर कुणाच्या नावावर आहे ते लक्षात असू दे. आजीसाठी संडास बांधून झाला. दिवाळीपर्यंत चुली वेगळ्या झाल्या होत्या आणि पुढच्या मे महिन्यात आम्ही गेलो तेव्हा माजघराच्या मध्ये भिंत होती, गिलावा न केलेली.

हे आठवायचं कारण असं की अमेरिकेच्या बाबतीत तंतोतंत असंच एक वाक्य लंडनहून आलं होतं. 1765 मध्ये स्टॅम्प अॅक्ट आला, कागदपत्रांवर, वर्तमानपत्रांवर, अगदी पत्त्यांच्या कॅटवर टॅक्स. वसाहतींत एवढा गोंधळ झाला की पुढच्याच वर्षी पार्लमेंटने तो मागे घेतला. लोकांनी दिवे लावले, राजाच्या नावाने पेले उंचावले. पण त्याच वेळी पार्लमेंटने दुसरा एक कायदा पास केला ज्यात लिहिलं होतं की अमेरिकेतल्या वसाहतींसाठी वाट्टेल त्या बाबतीत कायदे करायचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे. टॅक्स घेत नाही, पण घर कुणाच्या नावावर आहे ते लक्षात असू दे. आनंदाच्या भरात बऱ्याच जणांनी त्याकडे लक्ष दिलं नाही. नंतर दिलं.

लंडनवाल्यांची बाजूही समजून घ्यावीशी वाटते मला, कारण भाऊकाकांवर माझं प्रेम होतं. सात वर्षांच्या युद्धात त्यांनी फ्रेंचांना अमेरिकेतून हाकललं, कर्ज जवळजवळ दुप्पट झालं, वसाहतींच्या रक्षणासाठी फौज ठेवायची तर पैसा लागणार, आणि इंग्लंडमधला साधा माणूस बॉस्टनच्या माणसापेक्षा कितीतरी जास्त टॅक्स भरत होता. मग यांनी थोडा भरला तर काय बिघडलं? त्यांना खरंच कळत नव्हतं. ते सतत रक्कम मोजत होते. तीन पेनी म्हणजे काहीच नाही हो, असं म्हणत होते, आणि इकडच्या माणसाला ते ऐकून जास्तच राग येत होता.

आणि मग 1774 मध्ये त्यांनी ते केलं जे माझ्या मते चहापेक्षा शंभर पटीने महत्त्वाचं आहे आणि जे मला त्या झोप न आलेल्या रात्रीनंतर वाचताना सापडलं. चहाची शिक्षा म्हणून बॉस्टनचं बंदर बंद केलं हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच वेळी मॅसॅच्युसेट्सच्या कारभाराचा एक कायदा केला, ज्यात कौन्सिलची माणसं राजा नेमणार, न्यायाधीश आणि शेरीफ गव्हर्नर नेमणार, ज्युरी शेरीफ निवडणार, आणि गावांनी वर्षातून एकच टाऊन मीटिंग घ्यायची, त्याहून जास्त हवी असेल तर आधी गव्हर्नरची लेखी परवानगी आणायची, आणि त्यात काय बोलणार तेही आधी सांगायचं. मी हे वाचून थांबलेच. म्हणजे हीच मीटिंग! याच पद्धतीने, या गावांत लोक जवळजवळ दीडशे वर्षं जमत होते, रस्ता कुठून काढायचा, कुणाचं डुक्कर कुणाच्या शेतात गेलं, शाळामास्तरला पगार किती द्यायचा. ज्या खेड्यातल्या शेतकऱ्याला चहा परवडत नव्हता आणि स्टॅम्प ज्याने आयुष्यात बघितला नव्हता, त्याच्याही घरापर्यंत हा कायदा येऊन पोचला.

बॉस्टनच्या लोकांनी यावर काय शक्कल काढली तर जुनी मीटिंग संपवलीच नाही, नुसती तहकूब करत राहिले. गव्हर्नर गेज याने विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की आम्हाला नवीन मीटिंग बोलवायची गरजच नाही, जुनी चालू आहे. तो वैतागून म्हणाला की अशाने तर तुम्ही दहा वर्षं मीटिंग चालू ठेवाल. सेलम गावात त्याने मीटिंग बंद पाडायला सैनिक पाठवले, तर ते पोचेपर्यंत लोकांनी आपलं काम उरकून घेतलं होतं. आणि वूस्टरमध्ये, जिथून आम्ही दर महिन्याला गाडीने जातो, 6 सप्टेंबर 1774 ला जे झालं ते तर विलक्षण आहे. त्या दिवशी नव्या कायद्याखाली कोर्ट भरणार होतं. शेतकऱ्यांना कोर्टाची भीती होती कारण कर्ज थकलं की शेतावर टाच येते, आणि ते ठरवणारे लोक आता गव्हर्नरच्या हातातले असणार होते. तर 37 गावांमधून 4,622 माणसं आली. हा आकडा नक्की माहीत आहे कारण कुणीतरी त्या दिवशी उभं राहून प्रत्येक गावची माणसं मोजून लिहून ठेवली. ती मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा करून उभी राहिली, आणि पंचवीस-एक न्यायाधीश, वकील, अधिकारी हॅट हातात घेऊन त्या रांगांमधून चालत गेले, आणि या कायद्याखाली आम्ही काम करणार नाही हे वाचत गेले, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून तीस-तीस वेळा. गोळी सुटली नाही, कुणाला खरचटलं नाही. आणि त्या दिवशी ब्रिटिश राज्य वूस्टरपुरतं संपलं. लेक्सिंग्टनला स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटायला अजून सात महिने होते.

कितीतरी वर्षांनी, 1840 च्या सुमाराला, डॅन्व्हर्स गावच्या लीव्हाय प्रेस्टन नावाच्या नव्वदी उलटलेल्या म्हाताऱ्याला एका तरुणाने विचारलं होतं की तुम्ही 1775 मध्ये लढायला का गेलात. स्टॅम्पमुळे? तो म्हणाला मी स्टॅम्प कधी पाहिला नाही. चहामुळे? चहा कधी तोंडाला लावला नाही. मग स्वातंत्र्यावरची मोठमोठी पुस्तकं वाचली असतील? नाही, आमच्याकडे बायबल, स्तोत्रं आणि पंचांग. मग काय होतं? तर त्याने सांगितलं की आम्ही आमचा कारभार आम्हीच करत आलो होतो आणि पुढेही करणार होतो, त्यांना ते नको होतं. एवढंच. मला हा म्हातारा आप्पाकाकांसारखा दिसतो, ओटीवर बसलेला, हात तेलाने चोळत.

याचा अर्थ सगळे एका बाजूला होते असं अजिबात नाही. मला गेजच्या आधीचा गव्हर्नर थॉमस हचिन्सन याचं फार वाईट वाटतं. जन्म बॉस्टनचा, पाचवी पिढी, स्टॅम्प अॅक्ट त्यालाही चुकीचाच वाटला होता, पण कायदा आहे तोवर पाळायचा असं मानणारा माणूस. 1765 च्या ऑगस्टमध्ये जमावाने त्याचं घर एका रात्रीत उघडं केलं, भिंतीवरची लाकडी फळीसुद्धा ठेवली नाही. 1774 च्या जूनमध्ये तो इंग्लंडला गेला, काही महिन्यांसाठी म्हणून. मिल्टनच्या टेकडीवर त्याचं घर होतं, तिथून नदी आणि बंदर दिसतं, आम्ही एकदा शरद ऋतूत मुद्दाम जाऊन आलो. तिथे पुरावं अशी त्याची इच्छा होती. 1780 मध्ये तो इंग्लंडमध्येच गेला. आणि त्याच्या उलट बेंजामिन फ्रँकलिन, ज्याला साम्राज्याचा मनापासून अभिमान होता, जो वर्षानुवर्षं लंडनमध्ये राहून समेट करायला बघत होता. 29 जानेवारी 1774 ला लंडनमध्ये भरल्या सभेत एका सरकारी वकिलाने त्याची जवळजवळ तासभर बिनपाण्याने केली, भोवतीचे दरबारी हसत होते, आणि तो मखमलीच्या सुटात एक शब्द न बोलता उभा राहिला. चार वर्षांनी फ्रान्सबरोबर इंग्लंडविरुद्ध तह करताना म्हणे त्याने तोच सूट घातला होता. स्वातंत्र्य हवं असं तेव्हाही बहुतेक लोक म्हणत नव्हतेच. लेक्सिंग्टननंतरसुद्धा, 1775 च्या जुलैमध्ये, वसाहतींच्या प्रतिनिधींनी राजाला समेटाचा अर्ज पाठवला. राजाने तो घेतलाच नाही, वाचणं दूर, आणि ऑगस्टमध्ये सगळ्यांना बंडखोर ठरवून टाकलं.

आणि मग 1776 च्या मे महिन्यात मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधीगृहाने एक गोष्ट केली. गावोगावी कळवलं की टाऊन मीटिंग घ्या आणि आम्हाला सांगा, उद्या फिलाडेल्फियात, सगळ्या वसाहतींच्या काँग्रेसमध्ये, स्वातंत्र्य जाहीर झालं तर तुम्ही जीव आणि मालमत्ता पणाला लावून पाठीशी उभे राहाल का. गावांनी उत्तरं पाठवली. म्हणजे त्यांना विचारलं गेलं. आणि दोन वर्षांनी त्याच प्रतिनिधींनी राज्यघटना स्वतःच लिहून पुढे ठेवली तेव्हा त्याच गावांनी ती धुडकावूनही लावली!

पण हे लिहिताना माझा हात एका ठिकाणी अडतो. त्या मीटिंगमध्ये बसले होते ते मालमत्ता असलेले पुरुष. बायका नव्हत्या. ज्या डार्टमथ जहाजातून चहा आला त्याच जहाजातून फिलिस व्हीटली हिच्या कवितांच्या प्रती आल्या होत्या, आफ्रिकेतून लहानपणी पकडून आणून बॉस्टनमध्ये विकलेली मुलगी, तिला कुणी काय विचारणार. चहा फेकताना लोक मोहॉक लोकांचा वेश करून गेले होते, आणि खरे मूळचे लोक, स्टॉकब्रिजचे मोहिकन, वसाहतींच्या बाजूने लढले, मेले, आणि युद्ध संपेपर्यंत त्यांच्या गावातली जमीन त्यांच्या हातून गेली आणि ते न्यूयॉर्ककडे निघून गेले. या राज्याच्या पश्चिम टोकाला ग्रेट बॅरिंग्टन नावाचं गाव आहे. 1774 च्या ऑगस्टमध्ये शेतकऱ्यांनी तिथलं कोर्ट बंद पाडलं, वूस्टरच्याही आधी. सात वर्षांनी, 1781 मध्ये, त्याच गावच्या कोर्टात मम बेट नावाची एक गुलाम बाई उभी राहिली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण राज्याच्या नव्या घटनेत सगळी माणसं जन्मतः मुक्त आणि समान असं लिहिलंय हे तिच्या कानावर आलं होतं, आणि ती म्हणाली मग मी का नाही. ती जिंकली. एलिझाबेथ फ्रीमन असं नाव तिने घेतलं. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जवळची वाटते ती ही बाई.

आपल्याकडचं याच्याशी काय नातं, असं पाहुणे नेहमी विचारतात. नातं आहे, आणि ते गोड नाही. 1770 चा बंगालचा दुष्काळ बॉस्टन-फिलाडेल्फियातल्या लोकांना माहीत होता. जॉन डिकिन्सन नावाच्या वकिलाने 1773 च्या नोव्हेंबरात, चहा फेकायच्या जेमतेम महिनाभर आधी, टोपणनावाने लिहिलं होतं की या कंपनीने आशियात काय केलं ते बघा, एका वर्षात पंधरा लाख माणसं भुकेने मेली म्हणतात, आणि जमीन पिकली नाही म्हणून नव्हे, तर कंपनीच्या लोकांनी धान्य दाबून भाव चढवले म्हणून. हीच माणसं आता आपल्या दारात येतायत. बंगालमध्ये मेलेल्यांची बातमी सात समुद्रापार कुणाच्या तरी रागात मिसळली, हे वाचून अंगावर काटा येतो. पण त्या माणसांसाठी तो राग नव्हता, हेही तेवढंच खरं. आणि 1781 मध्ये यॉर्कटाऊनला ज्या ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसने अमेरिकनांपुढे हार पत्करली, त्याला पाच वर्षांनी आपल्याकडे गव्हर्नर जनरल करून पाठवलं. 1792 मध्ये तो श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध छावणी टाकून होता आणि त्याच्या बाजूला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजा होत्या. कारभारातल्या वरच्या जागांवरून आपल्या माणसांना बाजूला ठेवायची रीत त्याच्याच काळात पक्की झाली. गाझीपूरला त्याची कबर आहे. बॉस्टनवाल्यांचं भांडण हे घरातल्या धाकट्या भावाचं भांडण होतं, आम्हीही इंग्रजच आहोत मग आम्हाला का विचारत नाही असं. आपल्या घरात तर बाहेरचा येऊन बसला होता. ही दोन दुःखं सारखी नाहीत आणि मी ती सारखी करणार नाही. तरी टॉमस पेन, ज्याच्या छोट्याशा पुस्तिकेने 1776 च्या सुरुवातीला इथल्या लोकांचं मन स्वातंत्र्याकडे वळवलं, त्यालाच पुण्यात महात्मा फुल्यांनी वाचलं, आणि 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, त्यांनी गुलामांना मुक्त केलं म्हणून. फुल्यांनी नेमकी मम बेटची बाजू उचलली असं मला वाटतं.

डिसेंबरमध्ये आप्पाकाकांना फोन केला होता. ऐंशी पार केलीय, ऐकू कमी येतं, पण बोलतात. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, तो फणस आठवतो का. म्हणाले, आठवतो तर, पण फणसाचं काय गो, भाऊने बांधलेला संडास मीच वापरतोय आता, गुडघे धरलेत. मग जरा थांबून म्हणाले, भाऊ गेला तेव्हा भिंत पाडूया म्हणून मीच पोरांना सांगितलं, पण त्यांना आता दोन घरांची सवय झाली. मी त्यांना टाऊन मीटिंगचं सांगितलं, दोरी, पोपटी कार्डं, बस. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तू काय बोललीस?" म्हटलं, काही नाही. "बोलायचं होतंस," म्हणाले.

या मे मध्ये परत गेले. त्याच आजी दारात होत्या, त्यांनी मला ओळखलं आणि यादी न उघडता डावीकडे हात केला. या वर्षी संध्याकाळच्या बसचा विषय पुन्हा होता, शाळेच्या बजेटमध्ये एक ओळ. मत नसलेल्या माणसालाही सभेची परवानगी असेल तर बोलता येतं, हे मला शेजारणीने मधल्या काळात सांगितलं होतं. मी दोरीच्या अलीकडून हात वर केला. मॉडरेटरने बघितलं, हॉलकडे वळून विचारलं, इथे राहणाऱ्या पण मतदार नसलेल्या एका बाईंना बोलायचंय, सभेची परवानगी आहे का? क्षणभर काहीच हललं नाही. मग पुढून, मग मधून, मग बाल्कनीतून ती पोपटी कार्डं वर जायला लागली आणि तोच पानांचा आवाज झाला. माझे पाय लटपटत होते. माईक उंच होता, हायस्कूलच्या एका मुलाने येऊन तो खाली करून दिला. मॉडरेटर म्हणाला, नाव आणि रस्ता सांगा. मी सांगितलं. खाली टेबलाशी टाऊन क्लार्क लिहून घेत होती, तिने मान वर करून आडनावाचं स्पेलिंग विचारलं, आणि मी एकेक अक्षर सावकाश सांगत गेले.